टक्करीसाठी रकाना नव्हता

दोन माणसं हेल्मेटसकट एकमेकांवर आदळली की जो आवाज होतो, तो मी पहिल्यांदा लॅपटॉपवर ऐकला. डब्लिनच्या सँट्री भागातल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. दादा ओट्यापाशी कांदा चिरत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही पडलं. फुलबॅक लाइनबॅकरवर गेला."

"मग माणूस पडला म्हण की."

दादा माझे सख्खे भाऊ नाहीत. ते मिरजेला शिकलेले डॉक्टर, डब्लिनमधल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम करायचे. मी इचलकरंजीचा. मिरज आमच्यापासून तासाभरावर. एवढ्या ओळखीवर त्यांनी २०११ च्या सप्टेंबरात मला त्यांची दुसरी खोली दिली आणि पहिल्याच दिवसापासून अरे-तुरे सुरू केलं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. त्यामुळे वर्गात हात वर करून काही विचारायचं मी टाळायचो. प्रबंधाच्या विषयांची यादी आली तेव्हा मी मुद्दाम असा विषय घेतला, ज्याबद्दल वर्गात कुणालाच काही माहीत नसेल. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चढाई करणारा संघ कोणकोणते खेळाडू मैदानात पाठवतो आणि त्यात गेल्या काही हंगामांत काय बदल झाला, असा तो विषय होता. हा खेळ मी तोवर पाहिलेलाही नव्हता.

तो समजायला मला कबड्डीचा उपयोग झाला. कबड्डीत कोपऱ्यावर कोण, मध्ये कोण, हे आम्ही शाळेच्या मैदानावर न शिकताच शिकलो होतो. इथे अकरा जण असतात. त्यातले सहा ठरलेले: पुढच्या रांगेतले पाच धिप्पाड आणि चेंडू हातात घेणारा क्वार्टरबॅक. उरलेले पाच दर वेळी बदलता येतात. त्यांच्यात मागे उभे राहून धावणारे किती आणि रांगेला चिकटून उभे राहणारे, म्हणजे टाइट एंड किती, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहायचे. उरलेले लांब उभे राहून चेंडू झेलणारे रिसीव्हर. एकवीस म्हणजे मागे दोघे, रांगेला एक आणि लांब दोघे. अकरा म्हणजे मागे एकटाच, रांगेला एक आणि लांब तिघे. बारा म्हणजे रांगेला दोघे. बाकी सगळी त्याचीच रूपं.

एकवीसमधला जो दुसरा मागचा, तो फुलबॅक. चेंडू त्याच्याकडे जवळपास कधी येत नाही. तो चेंडूवाल्याच्या पुढे धावतो आणि समोरून येणाऱ्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या दुसऱ्या फळीतल्या माणसावर, डोकं खाली घालून आदळतो. तेवढंच त्याचं काम.

माझ्याकडे २००८ पासूनच्या सामन्यांची चित्रणं होती. माझी पद्धत अशी की चेंडू हलायच्या आधी चित्र थांबवायचं, माणसं मोजायची, आकडा लिहायचा आणि मग पुढे जाऊ द्यायचं. म्हणजे प्रत्येक टक्कर मी आधी लिहून नंतर पाहायचो. मोजण्यात शंका आली तर मागे यायचं. उलट दिशेने चालवलं की जमिनीवर पडलेले उठतात, एकमेकांतून बाहेर पडतात आणि मागे मागे जात शांत उभे राहतात. मग पुन्हा सुलट. गुडघा बाजूला वळला की माणूस कसा खाली बसतो, ते मी कित्येकदा पाहिलं. एकाची करंगळी हातमोज्याच्या रिकाम्या बोटासारखी उलटी लोंबत होती आणि तो ती दाखवायला बाकाकडे चालत गेला. सुरुवातीला मी जेवताना लॅपटॉप बंद करायचो. जानेवारीनंतर बंद करेनासा झालो. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते.

एका हंगामाकडून दुसऱ्याकडे जाताना फुलबॅक कमी होत चालला होता. त्याच्या जागी तिसरा रिसीव्हर यायचा. काही संघ दोन टाइट एंड घेऊन खेळायला लागले होते, अशी उंच माणसं जी अडवतातही आणि झेलतातही. काही संघांत तर फुलबॅक म्हणून कुणी नोंदलेलाच नव्हता. माझे आलेख सुरेख उतरत होते, एकवीसचा खाली आणि अकराचा वर. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

दादा दर रविवारी क्लोनडॉकिनला जायचे. तिथल्या एका हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचे ते बिनपगारी डॉक्टर होते. फेब्रुवारीत ते मला म्हणाले, "तिथं सामन्याचं शूटिंग करायला कुणी नाहीये. चल. तुझा तो खेळ एकदा वासासकट बघ."

मैदान एका बिझनेस पार्कच्या मागे होतं. खेळणारे सगळे आठवडाभर दुसरं काही करणारे. कोच अमेरिकन, इथल्या मुलीशी लग्न करून राहिलेला, सँडीफोर्डला कुठल्याशा ऑफिसात नोकरीला. आणि फुलबॅक तिशीतला, मान जवळजवळ नसलेला, तिथलाच. धंद्याने तो परांची बांधणारा. मंदीत इमारतींची कामं बंद पडल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं. कॅमेऱ्यासाठी उंच जागा हवी म्हणून त्याने घरामागे पडलेले पाइप आणले आणि मैदानाच्या कडेला तासाभरात दुमजली परांची उभी केली. प्रत्येक क्लॅम्प पान्याने आवळून झाल्यावर तो पुन्हा खाली उतरून पहिल्यापासून तपासायचा.

"चढ, प्रोफेसर," तो म्हणाला. "पडलास तर माझं नाव सांगू नकोस."

"मी अजून विद्यार्थी आहे."

"मग विद्यार्थ्यासारखा घाबर. दोन्ही हातांनी धर."

वरून पाहिल्यावर कळलं की लॅपटॉपचा आवाज खोटा होता. खरी टक्कर आधी ऐकू येत नाही, पाइपातून तळपायाला लागते. मग आवाज येतो, मग माणसाच्या छातीतून निघालेली हवा. फुलबॅक उठायचा, डोकं दोनदा झटकायचा आणि रांगेकडे परत यायचा. त्याच्या मागे धावणारा वीस वर्षांचा एक कॉलेजचा मुलगा होता, चपळ आणि किरकोळ अंगाचा. तो फुलबॅकच्या पाठीला हात लावून उभा राहायचा आणि चेंडू मिळाला की त्या पाठीमागून निघायचा.

चार सामने झाले. एप्रिलमध्ये कोचने मला विचारलं की तुझ्या त्या प्रबंधासारखं आपल्या संघाचं काही काढता येईल का. इतक्या मोठ्या माणसाने मला काही विचारावं याचाच मला आनंद झाला. मी दोन दिवसांत कागद दिला. एकवीस, अकरा अशा प्रत्येक जुळणीला सरासरी किती यार्ड मिळाले, म्हणजे चेंडू किती पुढे सरकला, ते. अकराचे बरेच जास्त होते, एकवीसचे फारच कमी.

कोचने कागद नीट वाचला. "व्यावसायिक लोक फुलबॅक उगाच टाकून देत नाहीयेत," तो म्हणाला. "आपण अजून जुन्या काळात आहोत."

पुढच्या रविवारपासून फुलबॅक बाकावर बसला.

सामना संपल्यावर तो परांची सोडवत होता. मी खाली उभा राहून पाइप घेत होतो.

"आधी इमारती थांबल्या," तो वरून म्हणाला. "आता तू."

"मी फक्त मोजलं."

"मला माहीत आहे. तू चांगला मोजतोस. धर, हा जड आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

गाडीत बसल्यावर दादा मात्र खुशीत होते. "तुझ्या कागदानं माझं काम केलं," ते म्हणाले. "मी त्याला वर्षभर सांगतोय. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही. मागच्या महिन्यात दुकानातून घरी जायचा रस्ता आठवेना म्हणून बायकोला फोन केला होता त्यानं. स्कॅन केला तर क्लीन. स्कॅन क्लीन आला की हे लोक म्हणतात, ग्रँड, म्हणजे सगळं झकास, मग खेळतो. आता बसेल गप."

त्याची बायकोही त्या दिवशी मैदानावर आली होती. जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. ती कशाबद्दल आभार मानते आहे हे मला घरी पोचल्यावर उमगलं.

मे महिन्यात माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाचं प्रकरण परत दिलं. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: ही जुळणी ते कधी पाठवतात? मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी आणखी एक रकाना घातला. त्या क्षणी संघाला किती यार्ड हवे होते, तो. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं, तेव्हा कधी नऊ उरलेले असतात, कधी एकच. रकाना भरत गेलो तसतसं चूक दिसायला लागली. फुलबॅकला ते बोलवायचे एक यार्ड उरला की. समोरचे सगळे तिथे दाटीने उभे असतात, मिळून मिळून एक यार्ड मिळतो, आणि तेवढाच हवा असतो. काम फत्ते, पण सरासरीत तो एक यार्ड फार छोटा दिसतो. सर्वांत अवघड ठिकाणी ज्याला पाठवलं, त्याच्याच नावावर मी कमी यार्ड लिहिले होते.

क्लोनडॉकिनचा कागद काढून तपासला. तिथेही तेच. ज्या ज्या वेळी एक-दोन यार्ड हवे होते, त्या वेळा वेगळ्या काढल्या तर एकवीस अकराच्या कितीतरी पुढे होती.

मी दादांना सांगितलं. ते ड्युटीवरून येऊन चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके.

"प्रबंधात दुरुस्त कर," ते म्हणाले. "क्लबचा कागद राहू दे तसाच."

"पण दादा, ते खोटं आहे."

"त्याचं डोकं खरं आहे ना? मग गप्प बस."

"कोचनं विचारलं तर?"

"कोच काय विचारणारे? त्याला हवं ते मिळालंय. अरे, संघ हौशी आहे. हरले तर हरले. तो माणूस बाकावर बसलाय, त्याच्या बायकोला झोप लागतीये. आणखी काय पाहिजे तुला?"

आमच्या घरात शिकलेल्या माणसाला उलट बोलायची सवय नाही. आणि ते डॉक्टर, त्यांनी फुटलेली डोकी पाहिलेली, मी फक्त चित्रणात पाहिलेली. मी गप्प बसलो. ते बरोबर असतील असं मला खरंच वाटत होतं. अजूनही कधीकधी वाटतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी पाऊस नव्हता, मैदान कडक होतं. दुसऱ्या सत्रात एक यार्ड हवा होता. मी मोजलं: मागे एकटाच तो कॉलेजचा मुलगा, लांब तिघे रिसीव्हर. अकरा, असं लिहिलं. चेंडू त्याच्या हातात गेला आणि त्याच्यापुढे कुणीच नव्हतं. लाइनबॅकर मोकळा धावत आला. त्याने वेग कमी केला नाही. त्याचा खांदा त्या मुलाच्या गळ्याखाली बसला आणि मुलगा मागे फेकला गेला, त्याचे पाय डोक्याच्या वर गेले. दुसऱ्या एकाने तो खाली यायच्या आत त्याला पुन्हा गाठलं. वर माझ्यापर्यंत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ओली काठी मोडावी तसा, फार मोठा नव्हे.

तो ओरडत होता तेव्हा मी कॅमेरा बंद करायला विसरलो. दादा धावत गेले. जर्सी कापली तेव्हा कॉलरबोनचं टोक कातडीखाली तंबूसारखं उभं दिसलं. त्याची जीभ दातांत सापडली होती आणि तोंडातून रक्त हनुवटीवर आलं होतं. तो आईला हाका मारत होता, मग कोचला, मग आणखी कुणाला तरी.

परांचीच्या पायाशी फुलबॅक उभा होता. त्याच्या हातात त्याचं हेल्मेट होतं. ते त्याने पाइपावर मारलं. पुन्हा मारलं. प्रत्येक फटक्याला माझ्या पायाखालची फळी हलत होती. मी दोन्ही हातांनी धरून बसलो.

"तो माझा होता," तो म्हणाला. माझ्याशी बोलत नव्हता बहुधा. "तो लाइनबॅकर माझा होता."

घरी जाताना मी दादांना म्हणालो, "मी सांगणार आहे."

विमानतळाच्या बाजूला वळल्यावर ते म्हणाले, "सांग. माझी परवानगी घेऊन सांगितलंस असं मात्र म्हणू नकोस."

मंगळवारी सराव होता. कोचला मी नवा कागद दिला आणि माझी चूक कशी झाली ते सांगायला लागलो. तीन वाक्यांत अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फुलबॅक जवळ उभा राहून ऐकत होता. कोचने कागद घडी करून खिशात घातला.

"म्हणजे मी आधी बरोबर होतो," तो म्हणाला.

"हो."

"महिनाभर आधी सांगायचं होतंस."

मला तेव्हा फक्त दोन आठवडे झाले होते कळून, पण मी ते बोललो नाही. फुलबॅकने मला कमरेत धरून वर उचललं. माझ्या बरगड्या कळवळल्या. "प्रोफेसर," तो मला तसंच धरून म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही. चूक कागदावर लिहून आणतो." सगळे हसले. दादा बाकावर बसून बँडेजची पेटी लावत होते. ते हसले नाहीत. फुलबॅकची बायको त्यानंतर मैदानावर आली नाही.

जूनमध्ये हंगामातला शेवटचा घरचा सामना झाला. कॉलेजच्या मुलाच्या जागी दुसरा एक जण धावत होता. फुलबॅक परत आला होता आणि पहिल्या डावापासून तो भिंत फोडायला निघाल्यासारखा खेळत होता. समोरचा लाइनबॅकर तोच होता, ज्याने मुलाचं हाड मोडलं होतं. दोघांना तसं ठरवायचीही गरज नव्हती, प्रत्येक वेळी ते एकमेकांनाच गाठत होते. एकदा दोघांची हेल्मेटं अडकली आणि सुटेपर्यंत ते एडक्यांसारखे उभे होते. फुलबॅकच्या नाकातून रक्त येत होतं, ते त्याने जर्सीला पुसलं. त्यांच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, घरी जा." त्याने हात हलवून दाखवला. मी प्रत्येक वेळी मोजत होतो, लिहीत होतो. एकवीस, एक यार्ड हवा, दोन मिळाले. एकवीस, दोन हवे, दोन मिळाले. खरं सांगायचं तर मी खूश होतो. माझा नवा कागद बरोबर ठरत होता.

शेवटाकडे तिसरा प्रयत्न, एक यार्ड हवा. एकवीस. चेंडू हलला आणि ती टक्कर मला पायांत इतकी जोरात लागली की पेन्सिल पडली. मग ढीग, शिट्टी. पंचाने चेंडू होता तिथेच ठेवला. मी दुसरी पेन्सिल काढून शून्य लिहिलं.

चौथा प्रयत्न. संघ रांगेत उभा राहिला. मी मोजलं. दहा.

पुन्हा मोजलं. दहाच होते. पाच रांगेत, क्वार्टरबॅक, टाइट एंड, दोघे लांब, मागे एक. कोच हातातल्या तक्त्याकडे पाहत होता. मी कॅमेऱ्यातून डोळा काढून मैदान पाहिलं. फुलबॅक पलीकडच्या कडेला, दुसऱ्या संघाच्या बाकापाशी गुडघ्यांवर बसला होता. त्यांचे खेळाडू त्याच्याकडे पाहत होते, त्यांना काय करावं कळत नव्हतं. तो गवतात वाकून उजवं मनगट फिरवत होता. थोडं फिरवायचा, सोडायचा, पुन्हा फिरवायचा. मला ती हालचाल ओळखीची होती. तो क्लॅम्प आवळत होता.

मी ओरडलो. त्या मैदानावर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. इंग्रजीतलं काही तोंडात आलंच नाही. "दादा," मी ओरडलो, "दादा, तिकडं बघा, तिकडं." माझी भाषा तिथे एकालाच कळत होती आणि तो एक जण धावत सुटला. पंचाने शिट्टी वाजवली. दादा पोचायच्या आत फुलबॅक कुशीवर आडवा झाला आणि त्याचे पाय झटके द्यायला लागले. त्याला उलटी झाली. दादांनी त्याचं हेल्मेट हलू न देता दोन्ही हातांत धरून ठेवलं. मी परांचीवरून कसा उतरलो, ते मला आठवत नाही.

त्याला दादांच्याच रुग्णालयात नेलं. मेंदूच्या आवरणाखाली थोडा रक्तस्राव होता. चिरायची गरज नाही, नजर ठेवायची, असं ठरलं. मी तिथे असण्याचं काही कारण नव्हतं, पण मला कुणी जा म्हणालं नाही. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन मी त्याच्या खाटेशेजारी बसलो होतो. त्याच्या गळ्याभोवती पट्टा होता. बायको दुसऱ्या बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तो जागा झाला आणि त्याने मला ओळखलं. "प्रोफेसर," तो म्हणाला, "मी पाडला का त्याला?"

मी वही काढली. "शून्य यार्ड," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं. मी त्याला पाडला का?"

मी वहीत पाहत राहिलो. जुळणी, प्रयत्न, हवे असलेले यार्ड, मिळालेले यार्ड. एवढेच रकाने होते. फुलबॅकने समोरच्याला पाडलं की नाही, यासाठी रकाना नव्हता. सबंध प्रबंधात नव्हता. ती टक्कर होत असताना मी पेन्सिल शोधत होतो.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते लावलं. संथ करून पाहिलं. फुलबॅक डोकं खाली घालून निघाला, समोरचा तसाच निघाला, हेल्मेटची दोन टोकं भेटली आणि फुलबॅकची मान एका क्षणासाठी खांद्यांत गेली. तरी पाय चालूच राहिले. लाइनबॅकर मागे वाकला आणि पाठीवर पडला, साफ. वाट उघडली होती. धावणारा त्या दोघांच्या पायांत अडखळून पडला. म्हणून शून्य.

दादा माझ्यामागे उभे राहून पाहत होते. त्यांचे कपडे अजून गवताने माखलेले होते.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "पाडला म्हणून सांगितलंस तर पुढच्या मार्चमध्ये हा परत मैदानात असेल. पुढच्या वेळी त्याचं डोकं मी असं हातात धरू शकेनच असं नाही."

"दादा, मागच्या वेळी मी ऐकलं तुमचं."

"आणि या वेळी नाही ऐकलंस, त्याचं काय झालं ते आत आहे."

दोन्ही खरं होतं. मी आत गेलो. तो पुन्हा विचारत होता, पहिल्यांदाच विचारल्यासारखा. त्याच्या बायकोने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जे असेल ते सांग त्याला," ती म्हणाली. "विचारून विचारून त्याचा जीव जाईल."

"पाडलास," मी म्हणालो. "पाठीवर."

त्याने डोळे मिटले आणि सगळं अंग सैल सोडलं. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "प्रोफेसर. मी पाडला का त्याला?"

"पाडलास. पाठीवर."

असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्याला तितकाच आनंद होत होता.

तीन आठवड्यांनी त्याने मला घरी बोलावलं. पडदे लावलेले होते, उजेड चालत नव्हता. त्याला चित्रण बघायचं होतं. बायको दारात उभी होती. मी लॅपटॉपचा उजेड अगदी कमी केला आणि ती टक्कर लावली. त्याने पाहिली आणि मांडीवर मूठ आपटली, हळूच. मी तिथेच थांबवलं असतं तरी खोटं झालं नसतं. मी थांबवलं नाही. ढिगातून तो उठला, उभा राहिला, आपल्या माणसांकडे न जाता पलीकडे चालत गेला, गुडघ्यांवर बसला आणि मनगट फिरवायला लागला.

"काय करतोय तो?" त्याने विचारलं.

"क्लॅम्प आवळतोयस," बायको दारातून म्हणाली.

त्याने मला पुन्हा लावायला सांगितलं. टक्कर नको, त्यानंतरचं. मी चारदा लावलं. मग तो चहा करतो म्हणून उठला. किटली लावली आणि भांड्यांचं कपाट उघडून उभा राहिला. कप समोरच होते. मी उठायला लागलो तर बायकोने हाताने बस म्हणून खुणावलं. किटली बंद झाली तरी तो तसाच उभा होता. मग त्याने एक कप काढला, थांबला, आणखी दोन काढले.

"कोचला सांग," माझ्यापुढे कप ठेवत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी अकराच खेळवा म्हणावं. एक यार्ड असला तरी. तुझ्या कागदात तसंच निघतं ना?"

त्याची बायको माझ्याकडे पाहत होती. कागदात तसं निघत नव्हतं. मी हो म्हणालो.